पदवीची शोभा आणि पदवीची सत्ता

केंब्रिज विद्यापीठाच्या सिनेट हाऊसची दारे पदवीदानासाठी उघडतात, तेव्हा पुढच्या हिरवळीवर जगातल्या कितीतरी देशांचे आईबाप उभे असतात. त्यांत भारतीय असतात आणि महाराष्ट्रीयही असतात. काळा झगा घातलेल्या मुलामुलीचे त्या पांढऱ्या दगडी स्तंभांपुढे घेतलेले छायाचित्र पुढे दिवाणखान्यात लागते, आणि आल्यागेल्याला सांगितले जाते की, ही जवळजवळ तीनशे वर्षांची परंपरा आहे. त्या घराच्या आनंदाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र ‘परंपरा’ हा शब्द जेव्हा विचार थांबवण्यासाठी वापरला जातो, जुनी वास्तू आणि जुना विधी राजकारणाच्या पलीकडचे आहेत असे जेव्हा प्रतिपादले जाते, तेव्हा त्या परंपरेचा जमाखर्च मांडणे आवश्यक होते. सिनेट हाऊस या दृष्टीने फार उद्बोधक आहे. विद्यापीठे पदवीची शोभा कोणाला देतात आणि पदवीची सत्ता कोणापासून राखून ठेवतात, हे या एका इमारतीच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

वास्तू आणि विधी

सिनेट हाऊसच्या बांधकामाला १७२२ मध्ये आरंभ झाला आणि १७३० मध्ये ते वापरात आले. त्यापूर्वी केंब्रिजचे पदवीविधी समोरच्या ग्रेट सेंट मेरी चर्चमध्ये होत असत. वास्तुशिल्पी होता जेम्स गिब्ज, लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चचा कर्ता. मूळ योजनेप्रमाणे ही इमारत तीन बाजूंनी बांधलेल्या चौकाची केवळ एक बाजू होती. उरलेल्या दोन बाजू कधी उठल्याच नाहीत. जी रचना आज परिपूर्ण सौंदर्याचा नमुना म्हणून दाखवली जाते, ती मुळात एका अपुऱ्या राहिलेल्या संकल्पाचा तुकडा आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गिब्ज स्वतः कॅथलिक होता. त्या काळच्या धार्मिक अटींमुळे, ज्या सभागृहाचा आराखडा त्याने काढला त्याच सभागृहात त्याला पदवी घेता आली नसती.

विधी आजही जवळजवळ जुन्याच स्वरूपात चालतो. पदवीचे उमेदवार महाविद्यालयवार, चार-चारच्या ओळीने पुढे येतात. महाविद्यालयाचा अधिकारी उजवा हात पुढे करतो आणि चौघे त्याच्या हाताचे एकेक बोट धरतात. तो लॅटिन भाषेत कुलगुरूंना सांगतो की, हे उमेदवार आचरणाने व विद्येने पदवीस पात्र आहेत. मग एकेक उमेदवार कुलगुरूंसमोर गुडघे टेकतो, जोडलेले हात पुढे करतो, कुलगुरू ते आपल्या दोन्ही हातांत घेतात आणि लॅटिनमध्येच पदवी बहाल करतात. मध्ययुगीन युरोपात जमीनदारापुढे त्याचा मांडलिक ज्या पद्धतीने निष्ठा वाहत असे तीच ही मुद्रा. शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव उच्चारले जाते. उमेदवाराची इच्छा नसेल तर आज ते वगळता येते.

हे ‘वगळता येते’ इतके सहज आलेले नाही. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हा एकोणिसाव्या शतकातील थोर गणिती १८३७ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत दुसरा आला. तो ज्यू होता, इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी निष्ठा सांगणे त्याला शक्य नव्हते, म्हणून त्याला पदवी नाकारण्यात आली. त्याने ती डब्लिनहून घेतली. १८५६ च्या कायद्याने पहिल्या पदवीपुरती धर्माची अट गेली. १८६९ मध्ये न्यूमा हार्टोग हा ज्यू विद्यार्थी गणितात पहिला आला, तेव्हा त्रैमूर्तीचे शब्द वगळून त्याला पदवी देण्यासाठी खास ठराव करावा लागला. तरीही महाविद्यालयाची फेलोशिप, म्हणजे विद्येवर मिळणारी भाकरी, त्याला मिळू शकली नाही. ती अट १८७१ च्या कायद्याने संपली. हा कायदा पार्लमेंटने केला. परंपरा स्वतःहून उदार झाली, असे म्हणणाऱ्यांनी या तारखा पाहाव्यात.

ज्यांची नावे वाचली गेली आणि ज्यांना दार बंद राहिले

गणिताच्या परीक्षेचा निकाल गुणानुक्रमे वाचून दाखवणे ही सिनेट हाऊसची सर्वांत गाजलेली प्रथा. वरच्या श्रेणीतल्यांना ‘रँग्लर’ म्हणत, पहिल्याला ‘सीनियर रँग्लर’. उत्तीर्णांच्या यादीत जो सर्वांत शेवटी येई, तो कुलगुरूंसमोर गुडघे टेकून बसला असता सज्जातून विद्यार्थी त्याच्यापुढे एक प्रचंड लाकडी चमचा दोरीने सोडत. १९०९ मध्ये शेवटचा चमचा दिला गेला, आणि त्यानंतर गुणानुक्रम जाहीर करण्याची पद्धतच बंद झाली. थट्टेची ही परंपरा प्रवासी पुस्तकांत रंगवून सांगितली जाते. त्याच सज्जाखाली घडलेली दुसरी गोष्ट मात्र तितक्या रंगात सांगितली जात नाही.

७ जून १८९० रोजी पुरुषांची यादी वाचून झाल्यावर स्त्रियांची यादी वाचली गेली, आणि फिलिपा फॉसेट हिचे स्थान ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यापेक्षा तिचे गुण तेरा टक्क्यांनी अधिक होते. तिचे वडील हेन्री फॉसेट हे केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. अंध असूनही पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानच्या उधळपट्टीच्या अर्थकारणावर त्यांनी इतके सातत्याने प्रहार केले की ‘हिंदुस्थानचे सभासद’ हे नाव त्यांना पडले, आणि त्यांच्या निवडणुकीसाठी इथल्या लोकांनी वर्गणी काढली. अशा पित्याची ही मुलगी सर्वांत पहिली आली. तिला पदवी मिळाली नाही. स्त्रियांना १८८१ पासून परीक्षेला बसण्याची रीतसर परवानगी होती. पदवी घेण्याची नव्हती.

२१ मे १८९७ रोजी स्त्रियांना पदवीचे निदान नाव तरी द्यावे, असा प्रस्ताव सिनेट हाऊसमध्ये मतास आला. विद्यापीठाचे मतदार असलेले जुने पदवीधर, त्यांत गावोगावचे पाद्री मोठ्या संख्येने, आगगाड्या भरून केंब्रिजला उतरले. समोरच्या इमारतीच्या खिडकीतून सायकलवर बसवलेल्या स्त्रीचा पुतळा टांगला होता. प्रस्तावाच्या बाजूने ६६२ मते पडली, विरुद्ध १,७१३. निकाल लागल्यावर जमावाने तो पुतळा खाली ओढून फाडला आणि त्याची लक्तरे न्यूनॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या दाराशी नेऊन टाकली.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रकरणाचे एक उपकथानक विशेष ध्यानात घ्यावे. आल्फ्रेड मार्शल हे त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित इंग्रज अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या पत्नी मेरी पेली या केंब्रिजमध्ये अगदी प्रथम शिकलेल्या स्त्रियांपैकी. १८७४ मध्ये त्यांनी अनौपचारिक रीतीने परीक्षा दिली, तेव्हा चारांपैकी दोन परीक्षकांनी त्यांना प्रथम श्रेणीयोग्य ठरवले. पुढे त्या स्वतः अर्थशास्त्र शिकवू लागल्या. १८७९ मध्ये पतिपत्नींनी मिळून उद्योगाच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. स्त्रियांना पदव्या देण्याविरुद्ध १८९६ मध्ये छापील पत्रक काढणारे हेच मार्शल होते. मागणी आणि पुरवठा यांचा समतोल ज्यांनी जगाला शिकवला, त्यांना स्वतःच्या घरातला हा असमतोल दिसला नाही. की दिसूनही सोयीचा वाटला? मेरी मार्शल १९४४ मध्ये वारल्या. सिनेट हाऊसने तोवर एकाही स्त्रीला पूर्ण पदवी दिलेली नव्हती.

रँग्लरांची कन्या

या कथेचा एक अध्याय मराठी आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. प्रथम क्रमांक त्यांना एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. साम्राज्याच्या विद्यापीठात, साम्राज्याच्या प्रजेपैकी एकाचे नाव सर्वांत प्रथम उच्चारले गेले, याचा आनंद महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या जपला आणि ‘रँग्लर’ ही बिरुदावली त्यांच्या नावाला कायमची जोडली. ते परत येऊन फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर आजीव सेवक झाले, यामुळे तो आनंद अधिकच सार्थ ठरला.

त्यांची कन्या शकुंतला परांजपे गणितासाठीच केंब्रिजच्या न्यूनॅम महाविद्यालयात गेली आणि १९२९ मध्ये तिचे तेथील शिक्षण पुरे झाले. पित्यानंतर तीस वर्षांनी, तोच विषय, तेच विद्यापीठ. पित्याचे नाव जेथे सर्वांच्या वर वाचले गेले, तेथे कन्येच्या वर्षी कोणत्याही स्त्रीला मिळू शकत होती ती केवळ नाममात्र पदवी. पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य वेचणाऱ्या, मुंबई राज्याच्या विधानपरिषदेत आणि राज्यसभेत बसलेल्या या विदुषीचा रंग पित्याच्या रंगाहून वेगळा नव्हता, देशही वेगळा नव्हता. परके साम्राज्य वसाहतीतील पुरुषाला एक वेळ पहिला क्रमांक देऊ शकले, परंतु आपल्याच देशातील स्त्रीला, मग ती फॉसेट असो वा मार्शल, बरोबरीचे सभासदत्व देऊ शकले नाही. महाराष्ट्राने पित्याची कथा पाठ केली आणि कन्येची कथा बाजूला ठेवली, यात त्या परंपरेचे काही अंश इथेही कसे रुजले हे दिसते.

आणि याच काळात, ज्यांना मागासलेले म्हणून हिणवले जाई त्या हिंदुस्थानातील विद्यापीठांची स्थिती काय होती? कलकत्ता विद्यापीठाने १८८३ मध्ये कादंबिनी बोस आणि चंद्रमुखी बसू यांना पदव्या दिल्या. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना आपल्या परीक्षांची आणि पदव्यांची दारे उघडली, आणि ते दशक संपण्यापूर्वी कॉर्नेलिया सोराबजी तेथून पदवीधर झाल्या. त्यांनी पुढे १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र मिळाली १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डला स्त्रियांना पदव्या देण्याचे धैर्य १९२० मध्ये झाले. केंब्रिज त्याहूनही मागे राहिले. कलकत्त्यानंतर तब्बल पासष्ट वर्षांनी तेथे स्त्रीला पूर्ण पदवी मिळाली. अर्थात यात येथील राज्यकर्त्यांचे औदार्य शोधू नये. कारण वेगळे आहे, आणि तेच या लेखाचे मुख्य प्रतिपाद्य आहे.

राखायचे होते ते काय?

केंब्रिजमध्ये पदवी ही केवळ विद्वत्तेची पावती नव्हती. पहिल्या पदवीनंतर ठराविक वर्षे गेली की कोणतीही नवी परीक्षा न देता एम. ए. होता येई, आणि एम. ए. झालेला मनुष्य विद्यापीठाच्या सिनेटचा सभासद होई. ज्यांच्यावरून या वास्तूला नाव मिळाले ते हे सिनेट. नियम तेच करणार, अध्यासने, निधी आणि शिष्यवृत्त्या यांवर शेवटचा शब्द त्यांचाच, कुलपती तेच निवडणार. याखेरीज १६०३ पासून विद्यापीठाला पार्लमेंटमध्ये दोन सभासद पाठवण्याचा अधिकार होता. ही दुहेरी मताची चैन १९५० मध्ये संपली. म्हणजे गुडघे टेकण्याचा तो विधी वस्तुतः एका मालमत्तेच्या भागीदारीत प्रवेश देणारा विधी होता. हिंदुस्थानातील विद्यापीठांत पदवी देऊन सत्ता द्यावी लागत नव्हती, कारण तेथे सत्ता सरकारच्या मुठीत होती. म्हणून कलकत्त्यात आणि मुंबईत स्त्रीला पदवी देणे स्वस्त होते. केंब्रिजमध्ये ते महाग होते.

हा आरोप कल्पित नाही. १९२० च्या डिसेंबरमध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व देण्याचा प्रस्ताव ९०४ विरुद्ध ७१२ मतांनी फेटाळला गेला. ऑक्टोबर १९२१ मध्ये सभासदत्वाचा अधिक मर्यादित प्रस्तावही ९०८ विरुद्ध ६९४ मतांनी पडला. परंतु त्याच दिवशी, स्त्रियांना पदवीचे नुसते नाव द्यावे, हा प्रस्ताव मोठ्या बहुमताने संमत झाला. चोवीस वर्षांपूर्वी जे नाव द्यायलाही हे मतदार तयार नव्हते, ते आता त्यांनी खुशीने दिले. कारण नावाबरोबर मत जाणार नव्हते. विरोध स्त्रीच्या बुद्धीला होता, तिच्या प्रकृतीला होता, तिच्या गृहकर्तव्याला धक्का बसण्याला होता, अशी जी जी कारणे पंचवीस वर्षे सांगितली गेली, ती सारी त्या दोन मतदानांच्या अंतरात विरून गेली. शिल्लक राहिला तो सत्तेचा प्रश्न. शोभा वाटली, सत्ता राखली. विजयाच्या उन्मादात विद्यार्थ्यांनी हातगाडी आपटून न्यूनॅमच्या ब्राँझच्या दरवाज्याची नासधूस केली, त्यालाही बहुधा परंपराच म्हणायचे!

त्या काळात जोन रॉबिन्सन गर्टन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकत होत्या. १९३३ मध्ये अपूर्ण स्पर्धेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि अर्थशास्त्राच्या एका संपूर्ण शाखेची दिशा बदलली. त्या विद्यापीठाच्या कारभारात एक मत देण्याचा अधिकार मात्र या लेखिकेला आणखी पंधरा वर्षे नव्हता. मक्तेदारीचे विश्लेषण करणारी ही स्त्री एका मक्तेदारीच्या आवारातच राहत होती.

अखेर ६ डिसेंबर १९४७ रोजी ठराव विरोधाशिवाय संमत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरचे ते जग; मजूर पक्षाचे सरकार आलेले, विद्यापीठांचा खर्च अधिकाधिक सार्वजनिक तिजोरीतून भागवला जाणारा. ऑक्टोबर १९४८ मध्ये सिनेट हाऊसमध्ये पहिल्या स्त्रीला पदवी दिली गेली. ती स्त्री कोण? परीक्षा देऊन पन्नास वर्षे ताटकळलेली एखादी वृद्ध शिक्षिका नव्हे, तर इंग्लंडची राणी एलिझाबेथ, सहाव्या जॉर्जची पत्नी, आणि तीही सन्माननीय पदवी. १८९० च्या फिलिपा फॉसेट वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांपर्यंत हयात होत्या. जून १९४८ मध्ये त्या वारल्या. १९९८ मध्ये, पूर्वी डावललेल्या सुमारे नऊशे स्त्रियांना बोलावून त्यांची सिनेट हाऊसकडे मिरवणूक काढण्यात आली. समारंभ हृद्य झाला यात शंका नाही. पण ज्या मेल्या त्यांचे काय, हा प्रश्न समारंभाने सुटत नाही.

एका युक्तिवादाचा समाचार

यावर एक ठरलेले उत्तर येते. झाले गेले होऊन गेले. संस्था काळानुसार सुधारली. मग आज त्या वास्तूचे, त्या विधीचे सौंदर्य निर्मळ मनाने का पाहू नये? सौंदर्य अवश्य पाहावे. मात्र संस्था ‘सुधारली’ हे क्रियापद अकर्मक आहे, आणि इतिहास अकर्मक नसतो. कोणीतरी सुधारायला भाग पाडले. धर्माची अट पार्लमेंटने काढली. स्त्रियांचा प्रश्न एमिली डेव्हिससारख्या स्त्रियांनी सत्तर-ऐंशी वर्षे रेटला. ज्या पायऱ्यांवर आज छायाचित्रे घेतली जातात त्या पायऱ्या प्रत्येक वेळी बाहेरच्यांनीच चढून जिंकल्या आहेत.

शिवाय ती जागा आजही राजकारणापासून अलिप्त नाही. २०२४ च्या मे महिन्यात गाझातील युद्धाचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सिनेट हाऊसच्या अंगणात तंबू ठोकले आणि पदवीदान दुसरीकडे हलवावे लागले. २०२५ मध्ये विद्यापीठाने न्यायालयाकडून तेथील निदर्शनांविरुद्ध मुदतबंद मनाई हुकूम मिळवला. त्या निदर्शकांच्या प्रत्येक मागणीशी सहमत असण्याची गरज नाही. पण समारंभाचे पावित्र्य पुढे करून अंगण मोकळे करून घेताना, त्याच परिसरात १८९७ मध्ये कोणता जमाव जमला होता आणि तो कोणाच्या बाजूचा होता, याचे स्मरण विद्यापीठाला झाले असते तर बरे झाले असते.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

महाराष्ट्रातील विद्यापीठांनी इंग्लंडकडून दोन गोष्टी घेतल्या: झग्याची शोभा, आणि सिनेट, म्हणजे अधिसभा. पहिली फोफावली. दीक्षान्त समारंभ दरवर्षी अधिक झगमगीत होतात, मंडप मोठे होतात, पाहुणे वाढतात, झगा इंग्रजी असावा की खादीचा यावर चर्चा झडतात. दुसरी मात्र सुकत चालली आहे. २०१६ च्या कायद्याने अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या वाट्याला दहा जागा येतात. मुंबई विद्यापीठाच्या आधीच्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. सप्टेंबर २०२३ साठी ठरलेली पदवीधरांची निवडणूक ऐनवेळी स्थगित झाली, आणि उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यानंतर ती सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडली. विद्यार्थिसंख्या लाखांत मोजली जाते, आणि पदवीधरांची मतदारयादी हजारांत. कारण पदवी मिळाली म्हणजे मत मिळाले असे नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी नोंदणी, आणि पुढे निवडणूक कधी होईल याची प्रतीक्षा.

१९२१ मध्ये केंब्रिजने स्त्रियांना जे दिले, तेच आज येथे स्त्रीपुरुष सर्वांना समानतेने मिळत आहे: पदवीचे नाव, आणि कारभारात शून्य वाटा. तेथे निदान अन्याय झालेल्यांना तो अन्याय कळत होता. इथे झग्यातले छायाचित्र घेऊन पदवीधर संतुष्ट मनाने घरी जातो. शुल्क किती वाढले, अध्यापकांच्या जागा किती वर्षे रिकाम्या आहेत, निकाल का लांबला, हे ठरवणाऱ्या सभेत आपलाही प्रतिनिधी बसायला हवा होता, हे त्याच्या गावीही नसते.

म्हणून दीक्षान्त समारंभाच्या वेशभूषेवरील वाद आता पुरे झाले. झगा काळा असो की भगवा, रेशमी असो की खादीचा, त्याने विद्यापीठ कोणाचे हे ठरत नाही. मागणी साधी आहे आणि ती प्रत्येक विद्यापीठाच्या दारात मांडली गेली पाहिजे. ज्या दिवशी पदवी दिली जाते, त्याच दिवशी पदवीधराचे नाव अधिसभेच्या मतदारयादीत आपोआप चढावे. आणि अधिसभेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे कुलगुरूंवर कायद्याने बंधनकारक असावे. एवढे झाले नाही, तर शकुंतला परांजपे यांच्या काळातली नाममात्र पदवी या राज्यात पुन्हा अवतरली आहे, असेच म्हणावे लागेल; फरक इतकाच की, ती आता वाजतगाजत दिली जाते.